बारा घोडे आणि एक पांढरी वायर

रंगाऱ्यांच्या त्या घरात एकच नियम होता: जिवंत वस्तूला रंग लावायचा नाही. आणि तोही कुणी धड पाळत नसे. एकदा एक मांजर कारखान्यात झोपलं, ते उठलं तेव्हा अंगानं हिरवंगार आणि पोटाला सोनेरी किनार. त्या गल्लीत अजून अधूनमधून सोनेरी किनारीची पिल्लं होतात. खोटं वाटत असेल त्यानं स्वतः जाऊन पाहावं; पिल्लं दिसली नाहीत तर समजावं, की दूध प्यायला गेली आहेत.

अशा घरात सून म्हणून आली ती एका टेलरची लेक. तिला रंगातलं ओ की ठो कळत नव्हतं. माहेरी ती मशीनवर बसायची आणि गणवेशांचे गठ्ठे बापाच्या गाडीतून शाळाशाळांत पोचवायची. सासऱ्यांना सगळं गाव उस्ताद म्हणे. उस्तादांनी रंगवलेल्या लाकडी घोड्याच्या मागे उभं राहायला माश्याही घाबरत, न जाणो शेपटीचा फटका बसायचा.

असे बारा घोडे उस्तादांच्या कारखान्यात अकरा वर्षं उभे होते. ते घोड्यांच्या गोल पाळण्याचे. मधला खांब फिरला की वर-खाली होत धावणारे. जुनं मैदान बंद पडलं तेव्हापासून पाळणा पडून होता, आणि घोड्यांकडे बघून उस्ताद रोज एकच वाक्य बोलत, "उभे राहून राहून यांचे पाय दुखत असतील."

आणि मग घाटापलीकडे तळ्याकाठी नवी बाग झाली. बागेवाल्यांनी पाळण्याला जागा देऊ केली, पण अटीवर: शनिवारी चारच्या ठोक्याला घोडे फाटकाच्या आत पाहिजेत. चारच्या वर एक मिनिट जरी झालं तरी जागा फुग्याची. फुग्या म्हणजे हवेच्या किल्ल्यावाला. रबरी किल्ल्यात पंपानं हवा भरायची आणि पोरांना आत उड्या मारायला सोडायचं, हा त्याचा धंदा. आणि बोलतानाही त्याचं तसंच, आत हवा, बाहेर किल्ला.

घोडे न्यायचे कसे, हा खरा प्रश्न होता. पूर्वी न्यायचा तो ट्रकवाला ट्रक विकून लेकीकडे राहायला गेला होता. पाळण्याचा स्वतःचा ट्रेलर होता आणि दारात जीपही होती. पण जीपला ट्रेलर जोडून घाट उतरायचा कुणी? उस्तादांना चार हातांपलीकडचं दिसत नव्हतं. नवऱ्याचं तर विचारूच नका. नक्षीकामात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता, पण स्टिअरिंग हातात आलं की त्याला रस्त्याच्या वळणात वेलबुट्टी दिसायची आणि तो ती पुरी करायला जायचा. त्याला दोन दिवस आधीच खांब आणि फळ्यांबरोबर बागेत पाठवून दिलं.

राहिली सून.

"गठ्ठे पोचवलेत ना तू?" उस्ताद म्हणाले. "हाही गठ्ठाच समज. फक्त याला अठ्ठेचाळीस पाय आहेत."

मग ती गॅरेजवाल्या तात्यांकडे शिकायला गेली. तात्या बोलायचे ते तोंडात दोन नट धरून, त्यामुळे त्यांचं प्रत्येक वाक्य घट्ट बसलेलं असे.

"वहिनी, ओढायला काय, गाढवही चालतं. थांबवायला माणूस लागतो. जीपपेक्षा तुमचा ट्रेलर जड. तुम्ही नुसता जीपचा ब्रेक माराल, तर जीप थांबेल आणि ट्रेलर म्हणेल, मी कशाला थांबू? म्हणून त्याच्या चाकांना मी विजेचे ब्रेक बसवलेत. आत लोहचुंबक आहे. वीज गेली की तो चिकटतो, चाक धरतो."

"आणि वीज कुठून जाते?"

तात्यांनी जाडजूड केबल उचलली आणि तिच्या टोकाचा प्लग उघडून दाखवला. आत सात रंगांच्या सात वायरी. टेलरची लेक हसली. सात रंगांचे दोरे एका वेळी सांभाळण्यात तिचं बालपण गेलं होतं.

"ही डाव्या इंडिकेटरची, ही उजव्या," तात्या मोजू लागले, "ही मागच्या दिव्यांची, ही ब्रेकच्या दिव्याची, निळी ती खऱ्या ब्रेकची, ही बॅटरी भरायची. आणि ही पांढरी."

"ती काय करते?"

"काहीच करत नाही. नुसती परत आणते," तात्या म्हणाले आणि तोंडातला एक नट काढून त्यांनी बोल्टावर चढवला.

जीपमध्ये स्टिअरिंगच्या बाजूला त्यांनी एक डबी बसवली. डबीला एक गोल बटण आणि एक छोटी दांडी. जीपचा ब्रेक दाबला, की ही डबी ट्रेलरलाही ब्रेक लावायची. किती जोरात ते गोल बटणावर ठरायचं. आणि दांडी दाबली, तर जीपला न विचारता एकट्या ट्रेलरचा ब्रेक.

मोकळ्या पटांगणात पहिल्यांदा तिनं बटण पार टोकाला फिरवून ब्रेक मारला. ट्रेलरची चाकं जागच्या जागी दगड झाली, जीपला असा हिसका बसला की तात्यांच्या तोंडातले नट त्यांच्या खिशात जाऊन पडले. दुसऱ्यांदा तिनं बटण शून्यावर ठेवलं. आता ट्रेलरनं मागून जीपला अशी ढुशी दिली, जशी म्हशीनं रेडकाला द्यावी.

तिसऱ्यांदा ती थांबली, विचार करत राहिली, आणि एकदम म्हणाली, "अहो तात्या, हे तर मशीनचं टेन्शन आहे! दोरा आवळला की कापडाला चुण्या, सैल सोडला की शिवण उसवते. मधे कुठंतरी टाका बसतो."

तिनं बटण कणाकणानं फिरवलं आणि ब्रेक दाबला. जीप आणि ट्रेलर एका दमात, एका रेषेत थांबले. तात्यांनी डोक्यावरची टोपी काढून परत घातली. त्यांच्याकडून याहून मोठी शाबासकी आजवर कुणाला मिळाली नव्हती.

मग त्यांनी बाकीचं शिकवलं. जीपच्या मागचा लोखंडी गोळा, त्यावर बसणारं ट्रेलरचं तोंड, खीळ म्हणून आतून लागणारी पिन. तोंडाखालून गुणाकाराच्या खुणेसारख्या एकमेकींवरून नेलेल्या दोन साखळ्या, म्हणजे ट्रेलर निखळलाच तर त्यांच्या झोळीत पडेल. आणि एक बारीक तार, जीपच्या सांगाड्याला अडकवलेली. सगळंच तुटलं, तर ती तार ट्रेलरवरची कळ उपटणार आणि ट्रेलर स्वतःच्या छोट्या बॅटरीवर स्वतःच ब्रेक मारणार. "शेवटचा शहाणपणा," तात्या म्हणाले. "माणसांनाही बसवता आला असता तर बरं झालं असतं."

शुक्रवारी संध्याकाळी घोडे चढवले. जड घोडे पुढच्या बाजूला, हलके मागं, सगळे दोरांनी करकचून बांधलेले. सगळे दिवे लावून पाहिले. डावा म्हटला की डावा, उजवा म्हटला की उजवा. ब्रेकची दांडी दाबली की चाकांतून मांजर घुरघुरल्यासारखा आवाज. सगळं लख्ख. मग रात्रीपुरती जीप सोडवून ठेवली.

आणि शनिवारी सकाळी सून अंगणात आली तर जीपच्या मागचं टोक उन्हात सोन्यासारखं चमकत होतं.

"पहाटे जाग आली," उस्ताद कुंचला पुसत म्हणाले. "म्हटलं, पहिल्यांदाच घराबाहेर निघाली आहेस. जरा सजवून द्यावं."

सून म्हणाली, "छान झालंय, बाबा." तिनं हात लावून पाहिला, रंग वाळला होता. तिनं ट्रेलर जोडला, उस्तादांना शेजारी बसवलं आणि गाडी सुरू केली. आपण काय पाहिलं, ते तिला दुपारी एक वाजता कळणार होतं.

घाटाच्या पायथ्याला तपासणी नाका होता. तिथल्या तपासनीस साहेबांविषयी असं सांगत, की ते लहानपणी एकदा हसले होते, पण त्याची चौकशी अजून चालू आहे. मागं जोडलेल्या प्रत्येक गाडीचे दिवे आणि ब्रेक पास झाल्याशिवाय ते कुणालाच वर सोडत नसत.

"डावा," साहेब म्हणाले.

सुनेनं डावा दाबला. मागं दोन्ही दिवे मिणमिणले.

"उजवा."

डावा लुकलुकला.

"ब्रेक."

मागचे सगळे दिवे एकदम आळसावल्यासारखे अर्धवट पेटले आणि विझले. साहेबांनी चाकाला काठी लावून तिला दांडी दाबायला सांगितली. घुरघुर नाही, काही नाही. चाक मोकळं.

"बाई, हा ट्रेलर आहे की शाळेचं गॅदरिंग? ज्याला वाटेल तो उठतोय, नाचतोय." साहेबांनी वहीत फुली मारली. "परत न्या."

"साहेब, काल सगळं चालत होतं!"

"काल मी पाहिलं नव्हतं. मी आता जेवायला जातो. अर्ध्या तासानं येईन. झालं तर झालं. नाहीतर गाडी वळवायला जागा तिकडं आहे."

तेवढ्यात एक छोटी व्हॅन नाक्यावरून सुळकन गेली. वरती गुंडाळलेला रबरी किल्ला. खिडकीतून फुग्या ओरडला, "उस्ताद! घोडे दमले का? गवत घाला!"

उस्तादांच्या मिशा थरथरल्या. सून मात्र आधीच ट्रेलरखाली गेली होती.

तिनं दिवे काढून बदलले. काही नाही. फ्यूज पाहिले, शाबूत. प्लग काढून कपड्यानं पुसून परत लावला. दिवे आणखीच चेकाळले. तात्यांना फोन लावला. ते कुणाच्या तरी गाडीखाली असणार, फोन वाजून वाजून गप्प झाला. मग नवऱ्याचा फोन आला. "निघालीस ना? इथं बागेचे साहेब घड्याळ बघून राहिलेत."

"नाक्यावर आहे. दिवे वेड्यासारखे करतायत."

"कोणत्या रंगाचे?"

तिनं फोन बंद केला.

उस्ताद बाजूला उभे होते. "सूनबाई, मी काचेला आतून तांबडा रंग मारू का? लागल्यासारखा दिसेल."

"बाबा, त्यानं दिवा लागलेला दिसेल. पण ब्रेक?"

"ब्रेकलाही मारीन की."

ती हसली. ट्रेलरच्या सावलीत पाय लांब करून ती बसली आणि तिनं केबल मांडीवर घेतली. घरी कापड मांडीवर घेऊन उसवलेली शिवण शोधायची, तसं तिनं डोळे मिटून एकेक दोरा बोटांनी आठवला. डावा जातो, उजवा जातो, निळा जातो. सगळेच जातात. दोरा नुसता जाऊन कधी टाका बसतो का? वरून दोरा जातो, खालून बॉबिनचा दोरा त्याला धरतो आणि परत आणतो. बॉबिन रिकामी असली, की वरची सुई कितीही नाचू दे, कापडावर नुसती भोकं पडतात.

पांढरी. काहीच करत नाही, नुसती परत आणते!

ती ताडकन उठली. पांढरी वायर धरून, तिच्या मागं मागं बोटं नेत ती ट्रेलरच्या लोखंडापर्यंत पोचली. तिथं एका बोल्टाखाली तिचं टोक आवळलेलं होतं. आणि त्याखालचं लोखंड जुन्या तांबड्या रंगाच्या तीन हातांखाली गडप; वायरचं टोक नुसतं रंगावर टेकलेलं. त्याच्यावर उस्तादांनी एक नाजूक फूल काढलेलं.

"बाबा, हे फूल कधीचं?"

"अकरा वर्षांपूर्वीचं. अजून कसं टवटवीत आहे बघ."

म्हणजे पांढऱ्या वायरीचं दार अकरा वर्षं बंदच होतं! तात्यांनी नवी केबल आणली खरी, पण नट आवळला तो रंगावरच. मग काल दिवे कसे लागले? सुनेनं गोळ्याकडे पाहिलं आणि तिला उलगडा झाला. काल गोळा उघडा लोखंडाचा होता. दिव्यांतून गेलेली वीज ट्रेलरच्या लोखंडातून, गोळ्यावरून, मागच्या दारानं जीपमध्ये परत येत होती. आणि पहाटे उस्तादांनी गोळा रंगवला. गोळ्यावर बसणारं तोंड आतून रंगवलं. साखळ्यांची कडी न् कडी रंगवली. मागचं दारही बंद! आता बिचारी वीज एका दिव्यातून शिरून दुसऱ्यातून वाट शोधत हिंडत होती, पाहुण्याच्या घरात रात्री चप्पल शोधावी तशी.

"बाबा," ती हळू म्हणाली, "रंग खरवडावा लागेल."

उस्ताद मागं सरकले. "कुणाचा?"

"तुमचा."

"साठ वर्षांत मी माझा रंग खरवडलेला नाही. दुसऱ्यानं खरवडला तर त्याला ओळख दाखवलेली नाही."

"फार नाही. एवढासा." तिनं बोटांनी रुपयाएवढा गोल करून दाखवला. "लोखंड उघडं दिसलं पाहिजे. नाहीतर परतीची वाट नाही. लेक सासरी पाठवली आणि माघारी यायचं दारच भिंतीत चिणलं, असं झालंय."

उस्ताद फुलाकडे पाहत राहिले. मग ट्रेलरवर बांधलेल्या बारा घोड्यांकडे. घोडेही त्यांच्याकडे पाहत होते. निदान त्या घोड्यांचे डोळे ज्यानं रंगवले, त्याला तरी तसंच वाटलं.

"आण ती पत्र्याची पट्टी," ते म्हणाले. "खरवडायचंच आहे, तर माझ्याच हातानं. तू खरवडशील तर कडा वाकड्या येतील."

दोन हातांत पट्टी धरून, ओठ घट्ट मिटून, उस्तादांनी ते फूल उडवलं. असा गोल काढला की परकारानं निघणार नाही. आत पांढरंशुभ्र लोखंड उघडं पडलं. सुनेनं वायरचं टोक पॉलिश पेपरनं घासून चकचकीत केलं, बोल्ट आवळला. मग जीप पुढं घेऊन ट्रेलर सोडवला, उस्तादांनी गोळ्यावरचं सोनंही उतरवलं, आणि दोघांनी ट्रेलर परत जोडला. पिन, साखळ्या, तार, प्लग.

साहेब मिशी पुसत आले. "डावा."

डावा.

"उजवा."

उजवा.

"ब्रेक."

मागचे दोन्ही दिवे असे भडकले, की लांबच्या शेतातल्या बुजगावण्याचा हात उगाच वर झाला. चाकांतून मांजर घुरघुरलं. साहेबांनी जीप पुढं न्यायला लावली आणि म्हणाले, "आता जीपचा ब्रेक नको. नुसती दांडी."

तिनं दांडी दाबली. मागच्या बारा घोड्यांनी जीपला गळ्याला धरल्यासारखं अलगद थांबवलं.

साहेबांनी फुली खोडली. त्यांच्या ओठाच्या डाव्या कोपऱ्याला काहीतरी झालं. नाक्यावरचा शिपाई पुढं वर्षभर सांगत होता, की ते हसूच होतं.

चढ तसा सोपा गेला. घाटमाथ्यावर सव्वातीन वाजले. मग उतार सुरू झाला, आणि पहिल्या वळणालाच उस्तादांनी डोळे गच्च मिटून घेतले.

"सूनबाई, काही लागलं तर सांग. मी डोळे उघडणार नाही, पण ऐकतो."

दुसरा गिअर, पाय ब्रेकवर नुसता टेकलेला, गरज पडेल तिथं दाबून सोडायचा. तात्यांनी सांगितलं होतं तसं. चार वळणं नीट गेली. पाचव्या वळणावर डोंगर संपला, बाजूच्या खिंडीतून वाऱ्याचा लोट आला आणि त्याच क्षणी समोरून एक भला मोठा ट्रक घोंगावत गेला. ट्रेलरचं मागचं टोक डावीकडे झुकलं. मग उजवीकडे. मग आणखी डावीकडे.

"सूनबाई! घोडे पुढं यायला लागलेत का?"

"वळवळतायत."

"मग ब्रेक मार!"

तिनं पाय दाबला नाही. स्टिअरिंगही सरळच धरून ठेवलं. शिवण वाकडी जायला लागली, की नवशिका कापड खेचतो आणि जाणता नुसता दोरा मागून ताणतो. तिनं हात खाली नेला आणि दांडी दाबली, एकट्या ट्रेलरची. मागं घुरघुर झाली. बारा घोडे मागं रेटून बसले, जीप आणि ट्रेलर यांच्यामधला दोरा ताणला गेला, आणि सगळी वरात एका रेषेत सरळ झाली. सुईतून ओवावी इतकी सरळ.

"थांबलं?" उस्ताद म्हणाले.

"थांबलं."

"मी डोळे उघडू?"

"नका उघडू. अजून नऊ वळणं आहेत."

बागेचा रस्ताही शेवटपर्यंत उताराचाच. चारला चार मिनिटं कमी असताना फाटक दिसलं, आणि फाटकाच्या मधोमध फुग्याचा किल्ला. चार वाजायची वाटही न बघता त्यानं पंप लावला होता. किल्ला नेमका फाटकात अर्धवट फुगून उभा, एक बुरूज ताठ, एक लोंबता. त्याच्यामागे नवरा दोन्ही हात हलवून ओरडत होता. ते हात "थांब" सांगत होते की "ये", ते कळायला मार्ग नव्हता. हवेत त्यानं एखादं फूलही काढलं असेल.

फुग्या बाजूला उडी मारून ओरडला, "थांबव! थांबव बाई! फुटेल!"

नाक्यावरून ती तशीच, ट्रेलरच्या ब्रेकविना आली असती, तर त्या किल्ल्याच्या चिंध्या तळ्याच्या पलीकडच्या काठावर वेचाव्या लागल्या असत्या. तिनं ब्रेक दाबला. जीप थांबली, ट्रेलर थांबला, बारा घोडे थांबले, एकाही घोड्याची मान हलली नाही. जीपचं नाक आणि रबरी बुरूज यांच्यात एका वितीचं अंतर राहिलं. बागेच्या साहेबांनी स्वतः वाकून वीत लावून पाहिली.

"घड्याळ?" सुनेनं खिडकीतून विचारलं.

"चारला दोन कमी," साहेब म्हणाले. "ए, किल्ला काढ. घोडे आत जाऊ देत."

फुग्यानं बूच उपटलं. किल्ल्यानं असा लांबलचक उसासा सोडला, की झाडावरचे कावळे दुसऱ्या झाडावर गेले. सुनेनं पाय सैल केला, आणि पहिल्यांदा जीप, मग ट्रेलर, मग शेवटच्या घोड्याची शेपूट, चारचा पहिला ठोका पडायच्या आत फाटकातून आत गेली.

संध्याकाळी पाळणा फिरला. अकरा वर्षं उभे राहिलेले घोडे असे सुटले, की पहिल्या फेरीत त्यांनी तळ्यातलं पाणी एका बाजूला सरकवलं, असं बदकं सांगतात. पहिला घोडा उस्तादांनी फुग्याला दिला. "बस. खऱ्या गवतावरचा आहे."

फेऱ्या चालू असताना नवरा कुंचला घेऊन ट्रेलरपाशी गेला. त्या बोल्टाभोवती रुपयाएवढं लोखंड उघडं पडलेलं त्याला दिसलं होतं, आणि त्याच्यानं ते बघवेना. त्यानं कुंचला टेकवायला हात पुढं केला, आणि मागून उस्तादांनी त्याच्या मनगटावर फटका मारला.

"हात लावशील तर हात मोडीन!"

"अहो बाबा, उघडं राहिलंय."

"उघडंच ठेवायचं. तिथून वीज घरी परत येते." मग त्यांनी कुंचला आपल्या हातात घेतला, लोखंडापासून एक बोट अंतर सोडलं आणि त्या उघड्या गोलाभोवती एक बारीक सोनेरी किनार काढली. मांजराच्या पोटाला होती, अगदी तशी. "सूनबाई," त्यांनी पाळण्याकडे वळून हाक दिली, "ये इकडे, बघ. कडा सरळ आली का?"